अंगावर लोखंड नसलेला माणूस

जमिनीच्या पोटातलं चुंबकत्व मोजणारं यंत्र जो खांद्यावर घेतो, त्याने अंगावर लोखंडाचा कणही ठेवायचा नाही, असा त्या धंद्यातला दंडक. घड्याळ, पट्टा, चेन, सगळं उतरवायचं. म्हणून पास्खालिस नाडीचा लेंगा आणि कापडी चपला घालून रानात उतरला, तेव्हा त्याची थोरली बहीण इव्हान्थिया हसून बेजार झाली.

"अगदी नवरदेव शोभतोस रे!"

"हस, हस. आईला सांग, पोरगं एवढं शिकलं आणि शेवटी लेंग्यात हिंडायला लागलं."

थेसलीच्या मैदानातलं, गहू कापून झालेलं ते रान. खाली दोन हजार वर्षांहून जुनं गाव गाडलेलं, आणि एक फावडंही न मारता त्याचा नकाशा काढायचा, हे या दोघांचं काम. भावाने दोरीच्या रेषेवरून सरळ जायचं, टोकाला वळून शेजारच्या रेषेवरून परत यायचं. बहीण बदामाच्या सावलीत लॅपटॉप घेऊन बसे, आणि पडद्यावर हळूहळू भिंती उमटत, गल्ल्या उमटत.

रान सकाळीच साफ केलं होतं. साधा गंजका खिळासुद्धा पडद्यावर भलामोठा डाग पाडतो. इथे तर रानाच्या मधोमध वीत-वीत लांबीचे खिळे दाटीवाटीने ठोकलेले निघाले. पास्खालिसने शिव्या हासडत ते सगळे उपटले आणि गाडीत टाकले. असला कचरा उपटायची दोघांना सवयच होती.

दुपार झाली तसा तो थांबला. "ताई, पुरे आता. भर दुपारी रानात कोण थांबतं? बाकीचं संध्याकाळी करू."

"संध्याकाळी नांगर येतोय. एवढा एकच चौकोन उरलाय, आटप. मग जेव आणि झोप."

तो कुरकुरत निघाला. ऊन मी म्हणत होतं. वाळल्या धसकटांचा आणि रानओव्याचा वास हवेत साचून राहिला होता. झाडावरच्या किड्यांची किरकिर चालू होती, ती मध्येच थांबली. एकदम, सगळी.

इव्हान्थियाने पडद्याकडे पाहिलं. पास्खालिस चालत होता ती रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत करडी उमटली होती. तो वळून परत आला, ती त्याहून काळी. त्यापुढची कोळशासारखी. असं एकाच कारणाने होतं, चालणाऱ्याच्या अंगावर लोखंड असलं तरच.

"पास्खाली! खिशात काय आहे?"

"लेंग्याला खिसा तरी आहे का?" तो हसला, पण ते हसू अर्ध्यावरच विरलं. "ताई… इथे गार का वाटतंय गं?"

ती धावत गेली. त्याने यंत्र खाली ठेवलं. तो लांब गेला की आकडे शांत होत, जवळ आला की उसळत. भावाचे ओठ निळे पडले होते. तिने त्याला धरून गाडीत बसवलं आणि गाव गाठलं.

गावाच्या वेशीवर रानाची मालकीण गारूफालिया अंगणात उभी होती. गाडीतले खिळे पाहून तिने तोंडावर हात ठेवला.

"हे उपटलेत?"

"काकू, आम्ही पुन्हा ठोकतो. जसेच्या तसे ठोकतो," इव्हान्थिया म्हणाली.

"अगं पोरी, आम्ही ते रानात थोडेच ठोकत होतो? खाली जो पुरलाय, त्याच्यावर ठोकत होतो." म्हातारी कुजबुजली. "आता ठोकून काय उपयोग? आता तो तिथे आहे कुठे…"

तिने दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला.

भाड्याच्या घरात, बंद झडपांच्या अंधारात पास्खालिस पडून होता. हाका मारल्या तरी डोळे उघडेना. श्वास मध्येच थांबायचा, मग बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू व्हायचा. इव्हान्थियाने होकायंत्र टेबलावर ठेवलं. काट्याने उत्तर सोडली होती. तो खाटेकडे रोखला होता. खोलीला ओल्या मातीचा वास येत होता.

डॉक्टर शहरातून निघाला होता, पण तो पोचेपर्यंत? आणि येऊन तरी काय तपासणार? या पोराला तिने कडेवर वाढवलं होतं, आणि आज तिनेच त्याला उन्हात रेटलं होतं. तिला रडू फुटलं.

"त्याला सोड," ती त्या रिकाम्या अंधाराला म्हणाली. "तो जात होता घरी… मी थांबवलं. मला धर."

काटा थरथरला. मग अगदी सावकाश, कोणी उठून चालत यावं तसा, वळत वळत तिच्यावर येऊन थांबला. ती टेबलाच्या त्या बाजूला गेली. काटाही तिच्यामागे वळला.

खाटेवर पास्खालिसने जांभई दिली. "ताई, भूक लागली गं. टोमॅटो उरलेत का?"

तिला इतकं हायसं वाटलं की हसू आवरेना. तो उठून टेबलाशी बसला, तेव्हा भात भरलेले टोमॅटो आणि पाव तिने लांबूनच त्याच्याकडे सरकवले, हात लागू दिला नाही. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसून ती त्याला पोटभर जेवताना पाहत राहिली. त्याच्या गालांवर रंग परत आला होता. कितीतरी वेळ ती हललीसुद्धा नाही.

त्याने ताटातून मान वर केली नाही. पावाने रस पुसत म्हणाला, "किती येरझाऱ्या घालतेस गं ताई? बस की जरा."