एक नोंद कमी

चष्म्याची काडी तुटली म्हणून मी त्या दुकानात गेले, आणि काउंटरवर माझी वही उघडी पडली. आमच्या पक्षीमित्रांच्या वेबसाइटवरच्या नोंदी जुन्या डेटाबेसमधून नव्यात हलवायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. वहीत ठळक लिहिलेलं, ‘बेवारस नोंदी – खंड्या, तळ्याचा बांध – ६१२ – काढून टाकणे.’

चष्मेवाल्याचा स्क्रू पिळणारा हात थांबला.

“त्या बेवारस नाहीत,” तो म्हणाला. “माझ्या आत्याच्या आहेत.”

आत्या गेल्यावर कुणीतरी तिचं खातं बंद केलं होतं. नोंदी राहिल्या, नाव गेलं. माझ्या नव्या रचनेत मात्र प्रत्येक नोंदीला एक माणूस लागतोच... एकच. मी शिस्तीची बाई. तरी घरी येऊन एक नोंद उघडली. ‘खंड्या आला. मान वळवून पाहिलं. आज गुडघा दुखला नाही.’ मग दुसरी, मग सगळ्या. तळ्याच्या एकाच बांधावर अकरा वर्षं... माणूस एका पक्ष्याकडे इतकं पाहू शकतो? मी थक्क झाले, आणि जरा ओशाळलेही.

आत्याचं खातं मी पुन्हा उघडलं. एकेक नोंद तिचीच ना, हे ताडून बघायला तो रोज दुपारी यायचा. मी वाचायचे, तो डोळे मिटून ऐकायचा. मी नियम सांगायला लागले की गालातल्या गालात हसायचा. पुढची तारीख नवा डेटाबेस घेत नाही, अडकलेली नोंद फक्त मला दिसते, ही फुशारकीही मीच मारली होती.

नोंदी हलवायच्या सकाळी तो शेजारी बसला होता. जुन्यात ४१,३०६. नव्यात... ४१,३०५. आत्याची तर नाही?

“अडकलेली बघा ना,” तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.

तारीख – उद्याची. ठिकाण – आत्याचा बांध. पक्षी – अजून माहीत नाही. संख्या – दोन माणसं, तुम्ही आलात तर.

माझे कान तापले.

“ही घेता येणार नाही,” मी म्हणाले. त्याचा चेहरा पडला. “उद्याची नोंद उद्याच करायची. किती वाजता येतोस?”

दुसऱ्या दिवशी खंड्या खरंच आला. मान वळवून त्यानं आम्हाला नीट न्याहाळलं, आणि आम्ही दोघं श्वास रोखून उभे. नंतर मोबाइलवर नोंद करायला घेतली, तर ‘नोंद करणारे’ या रकान्यात एकच नाव बसत होतं — मीच केलेला नियम.

आता रचना बदलावी लागणार.