गप्प केलेल्या ओळी

तुम्ही म्हणाल, भरदुपारी कसली आलीय भीती! मीही तेच म्हणालो असतो. काम साधंच होतं, हॉस्पिटलच्या कॉलबेलचा ड्रायव्हर दुरुस्त करायचा. ड्रायव्हर म्हणजे कर्नलमध्ये, कॉम्प्युटरच्या पार गाभ्यात, चालणारा प्रोग्रॅम. पेशंटने बटण दाबलं की तो सिस्टरांच्या पडद्यावर ओळ टाकतो. लिहिलेला माझाच.

आणि त्यात घाणही मीच करून ठेवलेली. ओळीत नुसतं ‘बटण दाबलं’. कुठल्या खाटेवरून, पत्ता नाही. वर, तीच ओळ पुन्हापुन्हा आली तर गिळून टाक, असं सांगून ठेवलेलं. का, तर पडदा भरून जातो! अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

त्याच वॉर्डात बाबा गेले. मागाहून लॉग, म्हणजे ड्रायव्हरची नोंदवही, उघडला तर तळाशी एक ओळ: ‘सत्तेचाळीस संदेश गाळले.’ कुणाचे? बाबांचे? तेच कळायची सोय मी ठेवली नव्हती. तेव्हापासून हा प्रश्न मला आतून खातोय.

रंगकामासाठी वॉर्ड रिकामा केला होता. बटणं, तारा, सगळं उपसून नेलेलं. ओल्या रंगाचा वास डोक्यात चढत होता. सोबतीला फक्त एक सिस्टर. मी प्रत्येक ओळीत खाटेचा नंबर घातला, गिळणं बंद केलं आणि नवा ड्रायव्हर चालू केला.

‘खाट सहा: बटण दाबलं.’

सहा नंबर बाबांचा.

पुन्हा तीच ओळ. पुन्हा. सावकाश, दमलेल्या माणसाने दाबावं तशी...

“सिस्टर... सहावर कुणी आहे?”

“अहो, तिथे खाटच नाही आता,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “वायरसुद्धा नाही...”

खरं सांगतो, भीती नंतर वाटली. आधी रडूच कोसळलं. “आलो बाबा, आलो!” म्हणत धावलो. मोकळ्या फरशीवर बसून राहिलो. “चुकलं माझं, बाबा...” एवढंच म्हणत होतो.

परतलो तर सिस्टरांचा चेहरा पांढराफटक. पडद्यावर शेवटची ओळ होती, ‘खाट सहा: बोलावणं बंद.’ खाटेपाशी पोचून कुणी उशाकडचा खटका दाबला, तरच ती येते.

“मी गेल्यावर आली ना?”

“नाही हो... तुम्ही मला विचारत होतात, तेव्हाच आली.”

म्हणजे बाबांपाशी माझ्याआधीच कुणीतरी पोचलं होतं. कोण, ते देव जाणे. मला याही वेळी उशीरच झाला.