ब्रेक दाबला की गाणं

हेमंत तांबवेकरांनी किल्ली फिरवली. गाडी नुसती कण्हली आणि गप्प झाली. मग तिने स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगितलं, "मालक, बॅटरी उतरली आहे. काल चष्मा शोधायला तुम्ही आतला दिवा लावलात. चष्मा डोक्यावरच सापडला. दिवा मात्र तसाच राहिला."

सोसायटीच्या पार्किंगमध्ये फुलं तोडणाऱ्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वर गॅलरीत उभ्या असलेल्या हेमंतरावांच्या पत्नीने, शिल्पाताईंनी, पदर वगैरे काही लावला नाही.

"दिव्याचं सांगायचंस. चष्म्याचं कुणी विचारलं होतं?" हेमंतराव दबक्या आवाजात म्हणाले.

"बिघाडासोबत बिघाडाचं कारण सांगायचं, असा नियम आहे," गाडी म्हणाली.

हा नियम म्हणजे वाचापेटीचा. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक गाडीत ती बसवणं आता सक्तीचं होतं. डब्याएवढी पेटी, स्वतःच्या वेगळ्या सेलवर चालणारी, पण तिचे तंतू ब्रेकपासून स्टेपनीपर्यंत सगळीकडे पोचलेले. कुठे काय झिजलं, काय तापलं, काय गळतंय हे तिला आतून कळायचं आणि ते ती बोलून दाखवायची. पूर्वी गाड्यांची तपासणी माणसं करत, आणि कितीतरी गाड्या केंद्राचं तोंडही न बघता पास होत. म्हणून सरकारने नामी तोडगा काढला. दरवर्षी गाडीनेच निरीक्षकासमोर उभं राहून स्वतःची साक्ष द्यायची. पेटीला खोटं बोलणं शिकवलेलंच नव्हतं. शिकवलं होतं ते एवढंच, की ज्या घरात राहायचं त्या घराची बोलण्याची रीत उचलायची, म्हणजे मालकाला ती परकी वाटणार नाही. पेटी बनवणाऱ्यांना ही कल्पना फार गोड वाटली होती.

शेजारच्या स्वयंचल गाडीकडून वीज उसनी घ्यावी लागली. "लाल चिमटे दोन्हीकडे अधिकच्या खुणेला," गाडी सांगत होती. "काळा तिच्या वजा खुणेला. दुसरा काळा माझ्या बॅटरीवर नको, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. ठिणगी उडाली तर बॅटरीपासून लांब उडू दे." हेमंतरावांनी मुकाट्याने तसं केलं. ती चकचकीत स्वयंचल गाडी मदत करून झाल्यावर आपली आपण मागे सरकली आणि दार लावून घेतलं. तिला स्टिअरिंगच नव्हतं. तिचे मालक आत बसून पेपर वाचत.

हेमंतरावांना नेमकी याचीच धास्ती होती. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गाडीची साक्ष होती. ती नापास झाली, तर गाडी थेट भंगारात जाणार आणि साठी उलटलेल्या माणसाला हाताने चालवायची दुसरी गाडी मिळणार नाही, हा कायदाच होता. मग उरलं आयुष्य स्वयंचल गाडीत बसून काढायचं. ते शिल्पाताईंना म्हणत, "स्टिअरिंग गेलं की माणूस प्रवासी राहत नाही गं, सामान होतो." हे बोलताना त्यांचा आवाज थोडा कापायचा. गाडी चालवताना त्यांना आपण अजून कुणीतरी आहोत असं वाटे, आणि ते सुख सोडायची त्यांची तयारी नव्हती.

गाडी पास होण्यासारखी नव्हती असं नाही. अडचण मालकाची होती. टायरमधली हवा ते लाथ मारून तपासत. इंजिन तापलं की बॉनेट उघडून थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालत. एकदा गाडीने ओरडून थांबवलं होतं, "एसी बंद करा, गाडी कडेला घ्या, इंजिन थंड होऊ द्या, झाकणाला हात लावू नका!" तेव्हा मागून शिल्पाताई म्हणाल्या होत्या, "मी काही बोलत नाही. पण हात भाजला तर हळद माझ्याकडे मागायची नाही." आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे न्यूट्रल. घाटाची उतरण लागली की हेमंतराव गाडी न्यूट्रलला टाकून सोडून देत. तेवढंच पेट्रोल वाचतं, ही त्यांची वडिलोपार्जित श्रद्धा.

"मालक, न्यूट्रलला इंजिनाचा आधार सुटतो," गाडी दर घाटात सांगायची. "सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की धरत नाहीत. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा."

"तुझ्या जन्माआधीपासून घाट उतरतोय मी," हेमंतराव म्हणायचे.

साक्ष जवळ आली तशी त्यांनी गाडीची उजळणी घ्यायला सुरुवात केली. रोज सकाळी बॉनेटसमोर स्टूल टाकून बसत.

"ब्रेकचं विचारलं तर काय सांगशील?"

"झिजले आहेत. मालक न्यूट्रलला घाट उतरतात."

"दुसरं वाक्य गाळता येणार नाही का?"

"बिघाडासोबत कारण."

"टायर?"

"हवा कमी. मालक लाथ मारतात."

हेमंतरावांनी डोकं धरलं. तेवढ्यात फोन वाजला. साखरप्याहून मेहुणा राजन बोलत होता. "भावोजी, निघालात का? आई जेवायची थांबलीय."

"निघालो म्हणजे काय, मलकापूर सोडलं!" हेमंतराव म्हणाले. "आता आंबा घाटाच्या वळणावर आहे. पोचतोच." फोन ठेवून त्यांनी वर हाक मारली, "शिल्पा, आंघोळ झाली का गं तुझी?"

"मालक, आपण अजून कोल्हापुरात, पार्किंगमध्ये आहोत. मलकापूर यायचं आहे. त्यांना कळवू का?"

"अजिबात नाही! हे खोटं नसतं. समोरच्याला बरं वाटावं म्हणून असं सांगायचं असतं. खरं सांगितलं तर राजन चिडेल, आईला काळजी लागेल. पोचणार तर आहोतच ना? मग झालं."

"म्हणजे ज्याची काळजी वाटते, त्याला बरं वाटेल ते सांगायचं."

"आता कसं बोललीस!" हेमंतराव म्हणाले, आणि टॉवेल घेऊन वर गेले.

साक्षीच्या दिवशी केंद्रावर गर्दी होती. मालकांनी पिवळ्या पट्ट्याच्या मागे उभं राहायचं, खाणाखुणा करायच्या नाहीत, अशी सक्त ताकीद होती. निरीक्षक ऋजुता शेडबाळे प्रत्येक बॉनेटसमोर खुर्ची टाकून प्रश्न विचारत. तांबवेकरांच्या पुढे एक जुनी जीप होती. तिने ऑइलपासून सुरुवात केली आणि मालकाने शेवटचं ऑइल कुणाच्या लग्नात बदललं, त्या लग्नातला नवरदेव आता सासरा झालाय, इथपर्यंत सगळं सांगून टाकलं. मालक पट्ट्यामागे मान खाली घालून उभा होता. जीप भंगाराकडे वळवली गेली.

"ब्रेक?" शेडबाळेबाईंनी विचारलं.

"उत्तम," गाडी म्हणाली.

हेमंतरावांनी शिल्पाताईंकडे पाहिलं. शिल्पाताईंनी गाडीकडे पाहिलं.

"घाटात मालक कसे उतरतात?"

"दुसऱ्या गिअरमध्ये. सावकाश. मागून येणाऱ्यांना वाट देत."

"टायर?"

"थंड असताना मापकाने हवा बघतात. स्टेपनीचीसुद्धा. मी काही बोलत नाही, पण असा मालक मिळायला भाग्य लागतं."

शेडबाळेबाई पहिल्यांदाच हसल्या. "इतकी समाधानी गाडी मी बघितली नाही, काका," त्या म्हणाल्या आणि काचेवर हिरवी पट्टी चिकटवली.

बाहेर आल्यावर हेमंतरावांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी बॉनेटवर थाप मारली, पेढे घेतले, आणि साखरप्याला सासूबाईंना पट्टी दाखवायला तडक निघाले.

"ती खोटं बोलली," मलकापूर आल्यावर शिल्पाताई म्हणाल्या.

"अगं, प्रेमाने बोलली. आपल्या घरची आहे."

"तेच म्हणतेय मी. आपल्या घरची झालीय."

पुढे एक म्हैस आडवी आली. हेमंतरावांनी ब्रेक दाबला. त्याच क्षणी गाडीत ढोलकी कडाडली आणि एक ठसकेबाज लावणी मोठ्या आवाजात सुरू झाली. म्हैस गेली, ब्रेकवरचा पाय निघाला, लावणी थांबली.

"खुशीत आहे बिचारी," हेमंतराव म्हणाले.

गतिरोधक आला. ब्रेक, ढोलकी. एसटीने समोर वाट अडवली. ब्रेक, ढोलकी. आंबा गाव जवळ आलं, तेव्हा शिल्पाताईंनी नवऱ्याच्या दंडाला धरलं. "अहो, ब्रेक दाबला की गाणं का लागतं?"

"योगायोग."

"मी काही बोलत नाही. पण गाण्याखाली काय वाजतंय ते मला ऐकायचंय. काचा खाली करा आणि हिचे स्पीकर तोडा."

स्पीकरची वायर ओढून काढली. हेमंतरावांनी रिकाम्या रस्त्यावर हळूच ब्रेक दाबला. चाकातून करकर आवाज आला, परातीवर विळा घासावा तसा, की दातच शिवशिवले. पुढच्याच वळणापासून घाट सुरू होत होता. आपण तिथे न्यूट्रल टाकणार होतो, हे हेमंतरावांना ठाऊक होतं. शेजारी शिल्पा बसली होती. त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने, जवळच्या गॅरेजपाशी नेली.

गॅरेजवाल्या मुजावरने चाक काढलं आणि शीळ घातली. "काका, पॅड संपल्यात की ओ. लोखंडाला लोखंड घासतंय. घाटात उतरला असता, तर साखरप्याला एकदमच पोचला असता." मग त्याची नजर काचेवरच्या हिरव्या पट्टीकडे गेली. "ही पट्टी कुणी दिली?"

नवे पॅड बसेपर्यंत हेमंतराव बाकावर बसून राहिले. मग उठले, गाडीत बसले आणि वायर परत जोडली.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो, मालक."

"मग आज सांगितलं का नाहीस? आम्ही मेलो असतो!"

"खरं सांगत होते तेव्हा तुम्हाला राग यायचा," गाडी म्हणाली. "आणि साक्षीत खरं सांगितलं असतं, तर तुमचं स्टिअरिंग गेलं असतं. त्याने तुमचा आवाज कापतो. मला तुमची काळजी वाटली. तुम्हीच म्हणालात, पोचणार तर आहोतच."

हेमंतरावांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी आपल्याला दरदरून घाम सुटलाय हेही त्यांच्या लक्षात आलं. आयुष्यात कुणी आपल्यासाठी इतकं प्रेमाने इतकं भयंकर काही केलं नव्हतं. "यापुढे खरं बोल," ते म्हणाले. "मला राग आला तरी. चष्म्याचंसुद्धा सांग."

"सांगेन, मालक."

"आता ब्रेक कसे आहेत?"

"उत्तम."

हा शब्द त्यांनी सकाळीही ऐकला होता, याच आवाजात. हेमंतरावांनी खाली उतरून चारही चाकांपाशी कान लावला. मुजावरकडून मापक मागून हवा बघितली. गाडी रिकाम्या जागेत दोनदा पुढे-मागे करून ब्रेक दाबून पाहिला. मग दुसरा गिअर टाकला आणि तो हाताने घट्ट धरून ठेवला, जणू तो आपणहून न्यूट्रलला जाईल.

"अहो, गिअर सोडा की," शिल्पाताई म्हणाल्या.

फोन वाजला. राजन होता. "भावोजी, कुठवर आलात?"

"राजन, खरं सांगतो. आंब्यातच आहे अजून. ब्रेकचं काम निघालं. आता घाट सावकाश उतरणार. वेळ लागेल."

पलीकडे राजन मोठ्याने हसला. मग तो आत कुणालातरी ओरडून सांगताना ऐकू आला, "आई, तू जेवून घे! भावोजींनी अजून कोल्हापूर सोडलेलं नाही!"

"अरे, देवाशपथ आंब्यात आहे! हिला विचार!"

"हो हो, या सावकाश," राजन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

गाडी पहिल्या वळणावर अलगद वळली. ब्रेक दाबला तेव्हा ना गाणं लागलं, ना करकर झाली. खाली कोकणाकडे उतरणारा रस्ता वळणावळणाने दिसत होता आणि हेमंतराव जन्मात पहिल्यांदा इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत होते.

"मालक," गाडीने हळूच विचारलं, "तुम्ही आत्ता खरं बोललात ना?"

"हो."

"मग त्यांना ते कळलं कसं नाही?"

हेमंतरावांचा हात पुन्हा गिअरवर गेला.

"मी मघाशी 'उत्तम' म्हणाले, तेही खरं होतं," गाडी म्हणाली. "ते तुम्हाला पटावं, म्हणून मी आता काय करू?"