पेशींचा शेजारधर्म

शिरूरहून दौंडला जाणारी एस.टी. न्हावऱ्याला थांबली. भुरभुर पावसात भिजलेला एक तरुण लाकडी पेटी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून आत चढला. पेटी टपावर टाका, असं कंडक्टर म्हणाला. "सरकारी आहे," असं सांगून तरुणाने ती बाकावर ठेवली आणि पलीकडे स्वतः अंग चोरून बसला. अलीकडे नजमुन्निसा, घरची नजमा, बसली होती.

"बाजाची पेटी का?" तिने विचारलं.

परक्या पुरुषाशी ती बोलत नसे. पण दौंडच्या मुलींना जीवशास्त्र शिकवता शिकवता प्रश्न विचारायची वाईट सवय तिला लागली होती.

"सूक्ष्मदर्शक आहे. मी अयुब. गुरांचा डॉक्टर."

"काय बघता त्यातून?"

तो घुटमळला. "मेंढ्यांच्या... लेंड्या."

नजमा हसली नाही, हे तिला फार जड गेलं. तिच्याही शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. पण बघून झिजेल म्हणून तो कपाटात कुलूपबंद असे.

"कांद्याचा पापुद्रा दाखवाल?"

"दाखवीन की..." तो म्हणाला, आणि दौंड येईपर्यंत खिडकीबाहेर बघायचा प्रयत्न करत राहिला.

महिनाभरात त्याने नजमाच्या शेजारचीच खोली घेतली. गावात दुसऱ्या खोल्या होत्या. त्याने त्या पाहिल्या नसाव्यात.

दोन्ही घरांच्या चुली एकाच भिंतीला पाठ लावून होत्या. भिंतीत वीतभर भोक होतं. जुन्या काळी शेजारणी त्यातून विस्तव देत-घेत. आता त्यातून कांद्याचे पापुद्रे जाऊ लागले, काचपट्ट्या परत येऊ लागल्या... आणि पट्टी घेताना बोटं उगाचच जरा उशिरा सुटू लागली.

"झाडाच्या पेशींचं अस्संच असतं," नजमा एकदा म्हणाली. "प्रत्येकीला जाड भिंत. पण भिंतीत बारीक छिद्रं, आणि त्यांतून एकीचा जीवरस दुसरीच्या जीवरसाला धाग्यानं जोडलेला. साखर जाते, पाणी जातं, प्रथिनंसुद्धा जात असणार."

"प्रथिनं फार मोठी हो. पुस्तकात तसं नाही."

"उसावर मोझॅकचा रोग पडतो, तो एका पेशीतून दुसरीत जातोच ना? त्याचा विषाणू केवढा! मग प्रथिनांनीच काय पाप केलंय?"

"पण पुस्तकात—"

"पुस्तक बदलेल, डॉक्टर. मी नाही बदलायची."

भोकात एक डोळा तेवढा दिसत होता, आणि तो पुस्तकाच्या बाजूचा वाटत नव्हता.

नजमाचे अब्बा, अल्लाबक्ष, शिंपीकाम करत. लेक भिंतीशी बोलते, हे त्यांनी एका संध्याकाळी पाहिलं. मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी चिखल कालवला, दोन विटा घेतल्या आणि भोक बुजवलं.

"इस्तवाला आता काडेपेटी मिळती," ते हात धूत म्हणाले. "आन् शुक्कीरवारी सोलापूरची मान्सं तुला बघाया येत्यात."

नजमा बुजलेल्या भिंतीकडे बघत राहिली. झाडांचा मार्ग संपला होता. पण प्राण्यांच्या पेशींना कुठे भिंत असते? तिथे पेशी आपल्याच पापुद्र्याची पुरचुंडी करून प्रथिनं त्यात बांधते, काठाशी नेते आणि उघडून बाहेर सोडते. शेजारीण आपला पापुद्रा आत दुमडून ती घेते. म्हणजे मोठा माल पाठवायचा, तर बांधून आणि काठापर्यंत नेऊन.

मंगळवारी भर दुपारी, सगळ्या आळीच्या डोळ्यांदेखत, नजमाने पितळी डब्यात शेवयांची खीर भरली आणि पुढच्या दाराने अयुबच्या हातात दिली.

बुधवारी डबा परत आला. घासून लख्ख. आणि रिकामा.

अम्मीचा चेहरा उतरला. त्या आळीत भांडं रिकामं परत जात नसे. निदान चिमूटभर साखर, चार मिरच्या तरी. रिकामं भांडं म्हणजे संबंध संपला.

"नगं म्हंतोय गं त्यो," अम्मी हळूच म्हणाली.

"न्हाई अम्मी. त्याला म्हाईत न्हाई."

"येवढा शिकलेला हाय की."

"म्हणूनच."

गुरुवारी शाळा सुटताच ती डबा घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेली. अयुब एका मेंढीचा जबडा उघडून बसला होता. मेंढीचे मालक ज्योतिबाआप्पा तिचे मागचे पाय धरून होते.

"डबा रिकामा का आला?"

"मी तर दोनदा घासला, बाई..."

"आमच्यात रिकामं भांडं म्हणजे नकार."

अयुबच्या हातून जबडा सुटला. "नकार? मी? लहानपणापासून वसतिगृहात वाढलो हो मी... तिथं भांडं धुऊन दिलं तरी शाबासकी मिळायची!"

"मग भरा आता."

"इथं... जंताचं औषध आहे फक्त."

"त्येच द्या, डाक्टर," ज्योतिबाआप्पा म्हणाले. "आमच्या मेंढरास्नी लई गुण आला."

नजमाने आप्पांकडे पाहिलं नाही. "उद्या शुक्रवार. सोलापूरची माणसं येतील आणि अब्बा हो म्हणतील. मला तुम्ही हवे आहात, डॉक्टर. पेशीचं काम माल काठापर्यंत आणण्याचं. तो आत घ्यायचा की नाही... हे पलीकडचीनं ठरवायचं."

मेंढी ओरडली. अयुब उभा राहिला.

"घेतला," तो म्हणाला. "केव्हाच."

त्याने डबा तिच्या हातून घेतला आणि तडक अल्लाबक्ष यांच्या दुकानाची वाट धरली. नजमा आधी चार पावलं मागे होती. पेठेत शिरताना बरोबरीने चालू लागली.

शिलाईचं यंत्र थांबलं.

"चाचा, डबा रिकामा पाठवला... चुकलो. भरायला माझ्याकडं काही नाही. म्हणून मीच आलोय. नजमाला मागायला."

अल्लाबक्ष यांनी डब्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेकीने मान खाली घातली नाही. मग गळ्यातली टेप काढून ते उठले आणि अयुबच्या मागे जाऊन त्यांनी ती त्याच्या खांद्यांवर लावली.

"सोलापूरला तार करावी लागंल," ते पुटपुटले. टेप छातीभोवती आली. "आन् श्वास सोडा, डाक्टर. असं फुगून माप दिलं, तर निकाहात शेरवानी ढगळ व्हईल."