चारशे वीस ग्रॅम वाल

"चारशे वीस ग्रॅम वाल द्या."

मनस्वी हे इतक्या गंभीरपणे म्हणाली, की काट्यामागचा तरुण हातातलं माप तसंच धरून हसायला लागला.

"चारशे वीस? मॅडम, दुकानाचं नाव खराब कराल. पाचशे घ्या."

"रोजचे साठ, सात दिवसांचे. चारशे वीसच होतात."

"आणि पाहुणा आला तर?"

"येत नाही."

"मग हा एक माझ्याकडून." त्याने काट्यावर आणखी एक दाणा ठेवला. "पाहुण्याचा."

तिला हसू आलं, पण ते तिने दुकानाची पायरी उतरेपर्यंत दाबून धरलं.

ही गोष्ट दोन हिवाळ्यांपूर्वीची. पनवेलच्या बाजारातलं ते कडधान्याचं दुकान हितेशचं, घर गव्हाणला. मनस्वी कामोठ्याच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची. उन्हाळ्यात तिने हायवेवर बंद पडलेला कोंबड्यांचा ट्रक पाहिला होता. भर दुपारी, जाळीतून बाहेर आलेल्या चोची... त्या दिवसापासून मटण-मच्छी, अंडी, अगदी दूध-दहीसुद्धा तिने सोडलं. सोडणं सोपं गेलं. त्याच्या जागी काय खायचं, हे मात्र ठरवलंच नाही. पाव-जॅम, वेफर्स, कोरा चहा. पाच-सहा महिन्यांत जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा तिने स्वतःच्याच रक्ताची नळी मशीनला लावली. हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक आठ. बी-बारा तर तळाला.

"तीन महिने देते," आई म्हणाली. "हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं नाही, तर मुकाट्याने दूध प्यायचं. आणि अंडी."

मनस्वी वाद घालणारी नव्हती. डॉक्टरांना विचारून तिने कागदावर रकाने आखले. बी-बारा गोळीतून, बाकी सगळं ताटातून. नाचणी, तीळ, पालेभाजी, कडधान्य, आणि वर लिंबू, म्हणजे लोह अंगाला लागतं.

"पण कडधान्यात वालच का?" तिसऱ्या शनिवारी हितेशने विचारलं. "सोलायचा केवढा उपद्व्याप. पोरी तयार मूग नेतात."

"बाबा न्हावा शेव्याला नोकरीला होते. रविवारी आम्ही दोघं परातीशी बसून मोडाचे वाल सोलायचो. कोमट पाण्यात. त्यांचा दाणा नेहमी निसटायचा... एकदा थेट टीव्हीवर." ती जरा थांबली. "ते गेल्यापासून घरात वाल भिजलेच नव्हते."

त्या दिवशी काट्यावर दोन दाणे जास्त पडले.

मग शनिवारची वाट बघणं सुरू झालं. तो तिला 'साठ ग्रॅम' म्हणायला लागला. ती त्याच्या शर्टाला येणाऱ्या सुक्या बोंबलाच्या वासावरून त्याला चिडवायला लागली.

"चालत नाही ना तुम्हाला हा वास?"

"वासाला मी कुठे नाही म्हटलं?"

जानेवारीत तो म्हणाला, "शेतावर पोपटी लावतोय, मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या. याल? तुमचं मडकं वेगळं. मी स्वतः भरणार."

ती गेली. गव्हाणच्या मोकळ्या शेतात, कलत्या उन्हात दोन मडकी उपडी घातलेली होती. भोवती पेंढा आणि काटक्या धडधडून पेटलेल्या. मडक्यात शेंगांभोवती घातलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा तो कडवट-गोड वास आला आणि तिला एकदम बाबांचा मफलर आठवला. ते कुठूनतरी पोपटी खाऊन आले, की त्याला हाच वास असायचा.

तिचं मडकं उघडलं. वाफाळत्या शेंगा केळीच्या पानावर सांडल्या... आणि त्यांतून चार अंडी घरंगळली.

हितेशचा चेहरा उतरला. "आई?"

"मीच सारली," त्याची आई मालू कौतुकाने म्हणाली. "तू माचिस आनाया गेला तवा. पहिल्यांदा आलेली पोर, तिला काय नुसत्या शेंगा घालायच्या? खा गं बाय. अंडं काय मटान हाय?"

सगळे मनस्वीकडे बघत होते. अंडी बाजूला सारून शेंगा खाल्ल्या असत्या, तरी वेळ निभावली असती. पण मग पुढच्या वेळी पुन्हा अंडी, आणि नंतर आयुष्यभर... आयुष्यभर? हा शब्द मनात कुठून आला, या विचारानेच तिचे कान तापले.

"काकू," ती हळू म्हणाली, "तुम्ही मायेने घातलीत. पण मी नाही खात."

मालूचा हात पानावरच थांबला. मनस्वीने हितेशकडे पाहिलं. आता हा म्हणेल, एका दिवसाने काय होतंय... हेच ऐकायची तिला भीती होती.

पण तो उठला, शेतघरातून तिसरं मडकं आणलं. पाला, शेंगा, ओवा, मीठ, पुन्हा पाला. बाह्या दुमडून त्याने नवीन जाळ लावला. बाकीचे जेवत असताना तो अर्धा तास एकटा धुरात बसून राहिला.

मालू बघत होती. मग सरकत मनस्वीजवळ आली. "नारलाच्या रसातलं वालाचं बिरडं चालतं? नाचनीची भाकर?"

"दोन्ही चालतं."

"मंग इतकंच ना!" मालूने कपाळावर हात मारला. "आमी श्रावनात दुसरं काय खातो? उगाच घाबरवलंस गं बाय."

फेब्रुवारीच्या शेवटी मशीनने आकडा दिला: बारा पूर्णांक एक. मनस्वीने तो आधी आईला दाखवला. मग ती थेट बाजारात गेली.

"नेहमीचंच?" हितेशने विचारलं. "चारशे वीस आणि एक?"

"नाही... आठशे चाळीस."

त्याने माप भरायला घेतलं आणि मध्येच त्याचा हात थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती काट्याकडे बघत होती.

"पाहुणा आला वाटतं."

"पाहुणा नाही," मनस्वी म्हणाली. "रोजचाच."

"आणि माझे बोंबील?" त्याने हळूच विचारलं.

"बोंबील तुझे. वाल दोघांचे."

ती पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली होती. त्याच्या हातातलं माप हिंदकळलं. एक दाणा निसटला, टपटप करत पायऱ्या उतरून थेट रस्त्यावर गेला... आणि मनस्वी खळखळून हसली. रविवारी सकाळी, परातीशी बसून हसायची तशी.