महारुद्र येऊन गेला

मे महिन्यात परभणीकडचं ऊन काय असतं, ते ज्याने सोसलं त्याला सांगायला नको, आणि ज्याने सोसलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, एक वेळ रात्री घराबाहेर पडावं, पण भर बाराला पडू नये. रात्रीचं जे काय असतं ते निदान अंधारात तरी असतं.

तर अशा भर बाराला महारुद्र पालमहून आलेल्या एसटीतून फाट्यावर उतरला. पाठीवर सॅक, डोक्याला उन्हाचा रुमाल घट्ट बांधलेला आणि हातात पुण्याच्या बाकरवडीचा पुडा. आईला बाकरवडी आवडते म्हणून आणली होती असं समजू नका. आपण पुण्यातच होतो, याला काहीतरी पुरावा नको का?

कारण पोरगं पुण्यात नव्हतंच. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपलं, सुट्टी लागली आणि त्याने घरी फोन केला. "चाकणला कंपनीत इंटर्नशिप लागलीय. फोन गेटवर जमा करून घेतात, लागला नाही तर काळजी करू नका." मग फोन बंद केला आणि मित्रांबरोबर मनालीची वाट धरली. इंटर्नशिपचा कागद एका मित्राच्या मामाच्या वर्कशॉपमधून मिळणार होता. हल्ली अशी सोय असते. बर्फात लोळून नाक सोलवटलं होतं, त्यालाही उत्तर तयार होतं, की साइटवर उन्हात उभं राहावं लागतं.

वडील काही विचारणार नाहीत, हे त्याला माहीत होतं. व्यंकटीची गावात पिठाची गिरणी. भुवयांपर्यंत पांढरा झालेला तो माणूस दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "आमचा महारुद्र सध्या कंपनीत हाय." गिरणीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून अगदी ओरडून सांगायचा. मनालीत एकदा हे आठवून महारुद्रचा घास तोंडात फिरला होता. पण तेवढ्यात मित्रांनी हाक मारली आणि ते तसंच राहून गेलं. परतीच्या वाटेवर त्याने फोन चालू केला तर घरचा एकही निरोप नव्हता. सुटलो, असंच त्याला वाटलं.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीत बन्सीधरकाका बाकड्यावर आडवे झाले होते. पावलांच्या आवाजाने त्यांनी एक डोळा उघडला.

"परत आलास व्हय रं? सकाळच्याच गाडीनं गेलास नव्हं पुण्याला?"

"मी? मी आत्ता येतोय काका."

"त्येच मनायलोय, येवढ्यात परत?" काका उठून बसले. "रुमाल बांधलास ते बरं केलंस. कोऱ्या टकुऱ्याला ऊन लय लागतंय."

म्हातारबा उन्हाने बरळतायत, असं म्हणून महारुद्र हसला आणि गावाच्या रस्त्याला लागला. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, भेगाळलेली. तापलेल्या मातीचा करपट वास. होल्या पाखराचं घुमणंसुद्धा बंद होतं. इतकं शांत, की स्वतःच्या श्वासाकडे लक्ष जायला लागलं. आपल्याआधी थोड्याच वेळापूर्वी या वाटेने कुणीतरी अगदी आपल्यासारखंच चालत गेलंय, असं काहीतरी त्याच्या मनात आलं, आणि असं का यावं ते त्याला कळेना.

गावाच्या तोंडाशी हापशावर सरजाबाई एकटीच पाणी भरत होती. नात्याने त्याची चुलत चुलती. भर दुपारी गर्दी नसते म्हणून ती त्याच वेळेला घागरी आणायची. त्याला पाहिलं आणि तिने दांडा सोडून दिला.

"माज्या सोन्या, गेला न्हाईस? लय बरं केलंस. केशरअक्का एकली पडली असती रं." तिने पदराने डोळे पुसले. "लेक असावा तं तुज्यावानी. आमच्या पोराला, परमेश्वराला, म्या तेच सांगायले. मनलं, बघ, महारुद्रानं कंपनी सोडली आन् बापाला मांडीवर घेतलं. आखरी वक्ताला लेकाच्या हातचं पानी. व्यंकटी भावजींच्या मरनाचं सोनं झालं."

सोडून दिलेला दांडा हळूहळू वर येत होता. कुईं... करून तो थांबला.

बाप गेला होता. आणि तो, महारुद्र, बापाजवळ होता. त्यानेच पाणी पाजलं होतं. सरजाबाई सांगत होती, त्यानेच खांदा दिला, काल तेरावंसुद्धा त्यानेच उरकलं. तिच्या डोळ्यांत खोटं कुठेच नव्हतं.

आता अशा वेळी माणसाने काय करावं? छाती पिटावी, तिथेच मातीत बसावं, ओरडावं की काकू, मी नव्हतो, तो मी नव्हतो. पण महारुद्रच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते हे, की म्हणजे आपली चोरी कुणाला कळलेली नाही. बापाच्या मरणाच्या बातमीवर पहिला विचार हा आला. त्याला स्वतःची किळस वाटली. आणि तरीही तो म्हणाला, "हो काकू."

घागर तिने डोक्यावर घेतली, जाताजाता त्याच्या गालावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. एखाद्याने चारचौघांत थोबाडीत मारावी तसं त्याला झालं.

मग कुठे भीती वाटायला लागली. कोण आलं होतं? माझ्या तोंडाने कोण बोललं? बाबांना वेळेवर पाणी कुणी पाजलं? पण पाय घराकडे वळेनात, कारण रुमालाखाली केस होते. तेरावं झालेल्या घरात आई सगळ्यात आधी लेकाचं डोकं बघणार. तो तसाच पाराकडे वळला.

लिंबाखाली आश्रुबा न्हाव्याची खुर्ची होती आणि खोडाला आरसा टांगलेला होता. दुपारचं गिऱ्हाईक नाही म्हणून आश्रुबा डुलक्या काढत होता.

"मामा, डोकं करा."

"चार दिसात आसं काय वाढलंय तुजं…" आश्रुबा हसत उठला, त्याने रुमालाची गाठ सोडली आणि त्याचा हात तिथेच राहिला. दाट, मानेवर आलेले केस. आरशात त्याचा चेहरा दिसत होता.

"हे… हे कसं काय रं?"

"मामा, कुणाला सांगू नका. तुमच्या पाया पडतो."

"दहाव्याला गोदागंगेच्या वाळूत मीच बसवलं तुला. ह्याच हातानं…" आश्रुबाचा आवाज अगदी खाली गेला. "तव्हाच वाटलं व्हतं मला, काय तं येगळं हाय. सगळी मान्सं घामानं निथळायलेली, आन् तुज्या मानंला थेंब न्हाई. केस पडायलेत, पडायलेत… खाली बघतो तं वाळू कोरी. म्या मनलं, वाऱ्यानं गेले आसतील."

"वारं होतं?"

"न्हाई."

आश्रुबाने आरसा काढून उलटा ठेवला. मग डोकं ओलं केलं आणि वस्तरा लावला. कानामागे वस्तरा लागला आणि रक्ताची बारीक धार मानेवर उतरली, तसा आश्रुबाने मोठा श्वास सोडला. "हां… रगत हाय," तो स्वतःशीच म्हणाला आणि मग त्याने भराभर डोकं उरकलं, मिशी उतरवली. लिंबाखाली केसांचा ढीग पडला. बापासाठी केस दिले, असं आपल्याला कधी म्हणता येईल का, असा महारुद्रला प्रश्न पडला. कारण खरं म्हणजे ते आईला फसवायला दिले होते.

घरात जायचं ते गिरणीतूनच. पुढच्या खोलीत गिरणी, मागे राहायच्या खोल्या. दार लोटलेलं होतं. गिरणी त्या दिवसापासून बंद, पट्टा उतरवून खुंटीला लावलेला. दळलेल्या ज्वारीचा ओळखीचा वास होता, पण आवाज नव्हता, आणि आवाजाशिवाय ती खोली दुसऱ्याच कुणाची तरी वाटत होती. पत्र्यावरून, तुळईवरून झडणारं पीठ इतक्या दिवसांत कुणी झाडलं नव्हतं. फरशीवर त्याचा पातळ, पांढरा थर बसला होता. एका कडेने बायांच्या येण्या-जाण्याची पावलं होती, मधली फरशी मात्र कोरी.

मधल्या दाराच्या उंबऱ्याशी आई बसली होती. केशरबाईने त्याच्या डोक्याकडे बघितलं नाही, तोंडाकडेही नाही.

"चपला काढ. आन् आसा मधून चालत ये."

तो चालत आला. ती त्याच्या पायांमागे बघत राहिली.

"उमटली," ती म्हणाली. "आता तू आलास."

महारुद्र मटकन खाली बसला. बाकरवडीचा पुडा अजून हातातच होता. तो कुठे लपवावा ते त्याला कळेना.

"आई, मी…"

"कुठं व्हतास ते सांगू नको. म्या इचारायले न्हाई." तिचा आवाज शांत होता, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. "दळता दळताच छातीत कळ आली त्यांच्या. डाक्टर येवून गेला, मनला, आता न्यायचं काम न्हाई. त्यांची नदर दाराकडं. फोन लावला, बंद लागला. परत लावला. मंग म्या मनात मनले, कुनी का आसंना… माज्या लेकाच्या रूपानं ये आन् ह्यांच्या तोंडात पानी घाल. ये मनले. आन् दार वाजलं."

बाहेर पत्रा उन्हाने कडकड वाजला. दोघंही दचकली.

"तुला कळलं नाही? त्याच वेळी?"

"त्या वक्ताला न्हाई. म्या रडायले व्हते. तो ह्याच फरशीवरून आत आला, मांडीवर डोकं घेतलं, पानी पाजलं. हे हसले रं. 'कंपनीनं सोडलं का,' मनले. तो मनला, 'हो बाबा.' मंग गेले." तिने मधल्या फरशीकडे बोट दाखवलं. "दुसऱ्या दिशी फरशीकडं नदर गेली. साऱ्या गावाची पावलं व्हती. तो मधूनच येवू-जावू लागलेला, आन् मधी कायच न्हाई."

"मग… मग तू त्याला घरात राहू कसं दिलंस?"

आईने पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"दुसरं कोन व्हतं?"

तो मान खाली घालून बसून राहिला. तेव्हा कुठे त्याला रडू आलं, आणि आपण बापासाठी रडतोय की शरमेने, हेही त्याला धड सांगता आलं नसतं. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"फिकर करू नको," ती म्हणाली. "तू तुजं शिक, फीर. आज सकाळी जाताना तो मनला, आई, तुज्या येळंला बी येतो. म्या हो मनले."

महारुद्र परत गेला नाही. कॉलेज उघडलं, मित्रांचे फोन आले, वर्कशॉपचा कागदही फोनवर आला. त्याने तो उघडून बघितला नाही. पट्टा चढवून त्याने गिरणी चालू केली. आई 'जा' म्हणायची, तो 'बघू' म्हणायचा. तो फक्त घरी राहत होता. विहिरीवर, दुकानात, कुठेही गेला तरी धावत परत यायचा. आईची वेळ येईल तेव्हा, वीस वर्षांनी येवो नाहीतर तीस, आपणच जवळ असायचं, एवढं एकच त्याने मनाशी धरलं होतं. त्याबदल्यात काही माफ होईल अशी आशा मात्र त्याला नव्हती.

पुढे पावसाने ताण दिला आणि उन्हाळा लांबला. एके दिवशी केशरबाईला ऊन लागलं. अंग तापलं आणि ती दुपारची आतल्या खोलीत पडून राहिली. महारुद्र सकाळपासून उशाशी बसून होता, कांद्याचा रस तळपायांना चोळत होता. तिने ओठांवरून जीभ फिरवली, तसा तो उठला. माठ तिथेच कोपऱ्यात, चार पावलांवर. त्याने तांब्या बुडवला, भरला आणि वळला.

आईची हनुवटी ओली होती. गळ्यापर्यंत पाणी ओघळलं होतं.

"आई… पाणी घे."

"आता किती पाजशील रं?" डोळे मिटूनच ती हसली. "आत्ताच तं पाजलंस. लय गार व्हतं."