दुसरी तारीख

बस मुरथलपाशी धुक्यात अडकली आहे, ड्रायव्हर काही हलायला तयार नाही आणि तुमच्या मोबाइलला रेंज नाही. तेव्हा ऐका, पोरांनो. दर चौदा जानेवारीला पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला येताना माझ्या शेजारच्या सीटवर पद्माकर असायचा. गेल्या वर्षी नव्हता. का, ते सांगतो. मयूर विहारला आमच्याच सोसायटीत राहतो तो. खोटं वाटलं तर खुशाल विचारा त्याला.

त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच्या आधीच्या गुरुवारी झालं. दुसऱ्या डोळ्याने त्याला लहानपणापासून दिसत नाही, म्हणजे सगळी भिस्त या एकावर. रविवारी डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली उघडीच बाथरूममध्ये पडली. ती काही परत वापरता येईना. संध्याकाळी तो स्वतःच नवी आणायला खाली उतरला. केमिस्टचं शटर बंद. वर आला, फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात त्याच्या बायकोची, सुमित्रावहिनींची बाटली होती. औषध तेच.

वहिनींचं ऑपरेशन आदल्या मार्चमध्ये झालं होतं, आणि अठराव्या दिवशी त्या झोपेतच गेल्या. तेव्हापासून पद्माकर बधिर झाला होता. रडला नाही, चिडला नाही. जेवायला बसवलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा.

वहिनींची एक शिस्त होती. कुठलीही बाटली उघडली, की तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावायची, कडेवरून दोनदा नख फिरवायचं आणि तारीख लिहायची. टाकून द्यायच्या दिवशी खाली दुसरी तारीख. ती पडल्याशिवाय त्या घरातून काही बाहेर जात नसे. या बाटलीवर एकच तारीख होती. २ मार्च. दुसरी लिहायला वहिनी उरल्याच नव्हत्या. पद्माकरने पट्टीवरून बोट फिरवलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीने ठरवून टाकलं, अजून चालेल.

"बाबा, ड्रॉप्स मिळाले?" सुनेने, लतिकाने विचारलं.

"आहेत घरात."

"अच्छा, मग ठीक आहे."

मुलगा मानेसरच्या कारखान्यात, त्या आठवड्यात रात्रपाळीला.

मंगळवारी, आजच्याच तारखेला, जेवणानंतर डोळा जड झाला. मध्यरात्रीनंतर ठणकायला लागला. पद्माकरने मनावर घेतलं नाही. आणखी एक थेंब घालावा, सकाळपर्यंत पडून राहावं, एवढाच विचार. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. अंधारात उताणा पडूनच त्याने डोळ्यावरची प्लास्टिकची वाटी काढली. उशाशी बाटली चाचपली.

बाटली नव्हती.

मग कपाळावर हात आला. गार.

"लतिका?"

...

बोटांनी खालची पापणी हळूच ओढली. तो थेंबाची वाट पाहू लागला.

थेंब पडला नाही.

"घालतेस ना?"

...

वाटी परत डोळ्यावर बसली. वर चिकटपट्टी. पट्टीच्या कडेवरून नख फिरलं. एकदा... दोनदा.

असं दोनदा नख फिरवणारं माणूस त्या घरात एकच होतं.

मग पट्टीवर काहीतरी टेकलं. पेनाचं टोक. सावकाश सरकलं... थांबलं... पुन्हा सरकलं.

तो ओरडला नाही. भीतीही वाटली नाही, म्हणतो. फक्त तो गार हात दूर झाला, आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला काहीतरी जाणवलं. डोळा भयंकर दुखत होता. तेव्हा कुठे त्याने लतिकाला हाक मारली.

ती शेजारच्या खोलीतून झोपेतच धावत आली. "बाबा, काय झालं? मी तर आत्ता उठले."

पावणेचारला दोघं इमर्जन्सीत. जुन्या, उघड्या औषधातून जंतू आत गेले होते, पू धरायला लागला होता. "सुबह तक रुकते तो आँख जाती," डॉक्टर म्हणाले आणि डोळ्यातच इंजेक्शन दिलं. डोळा वाचला.

पण त्याआधी नर्सने वाटी काढली, तेव्हा पट्टी दिव्याखाली धरून तिने विचारलं, "ये किसने लिखा है?"

लतिका दिल्लीत वाढलेली. तिला देवनागरी आकडे वाचायलाच वेळ लागला, लिहिणं तर दूर. पट्टी बाटलीवरचीच होती. वर फिकट झालेली २ मार्च. तिच्याखाली, वहिनींच्या त्या वर चढत जाणाऱ्या अक्षरात, १५ जानेवारी.

नर्सच्या हातमोज्याला निळी शाई लागली होती.